साडेचारशे किलोवॉट, साडेचारशे किलोमीटर

माझ्या गाडीच्या माहितीपत्रकात दोन आकडे ठळक छापलेत. कमाल शक्ती 450 किलोवॉट, म्हणजे सहाशेच्या वर हॉर्सपॉवर. आणि एका चार्जवर रेंज 450 किलोमीटर. आकडे सारखे निघाले हा योगायोग. भेटेल तो माणूस मात्र त्या दोघांची सांगड घालतो आणि म्हणतो, एवढी ताकद आहे म्हणजे बॅटरी धडाधड उतरत असणार. मलाही आधी थोडंफार तसंच वाटायचं. शेवटी ठरवलं की अंदाज पुरे, मोजूनच बघू.

गाडीचं नाव मुद्दाम घेत नाही. नाव घेतलं की सगळी चर्चा नावाभोवतीच फिरत राहते. पुढे एक आणि मागे एक अशा दोन मोटरी, वापरता येण्याजोगी 80 युनिटांची बॅटरी, 21 इंची चाकं, माणूस आणि सामान धरून जवळपास 2350 किलो वजन. एवढी ओळख पुरे. या जातीच्या कुठल्याही गाडीला पुढचं बरंचसं लागू पडेल.

मोजणी सुरू करण्याआधी छापील रेंज कशी काढतात ते नीट वाचलं, आणि निम्मा गोंधळ तिथेच मिटला. युरोपात 2017 पासून डब्ल्यूएलटीपी ही चाचणी आली. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या आलेखाप्रमाणे चालवतात. एक फेरी 30 मिनिटांची, साधारण 23 किलोमीटरची. सरासरी वेग ताशी साडेशेचाळीस किलोमीटर, कमाल वेग 131 पर्यंत, तोही थोडा वेळ. खोलीचं तापमान 23 अंश, एसी बंद. त्याआधीची एनईडीसी चाचणी तर याहून मवाळ होती, तिचा सरासरी वेग जेमतेम 34 होता. अमेरिकेत ईपीए ही संस्था शहर आणि महामार्ग अशा दोन चक्रांवर मोजते आणि आलेल्या रेंजला बहुतेक वेळा 0.7 ने गुणते, म्हणून तिथला आकडा रस्त्यावरच्या अनुभवाच्या जास्त जवळ जातो. छापील 450 खोटे नाहीत. फक्त ते ताशी 46 च्या सरासरीने, प्रसन्न हवेत, एसी न लावता चालणाऱ्या गाडीचे आहेत. सहाशे हॉर्सपॉवरची गाडी तशी चालवायला कोण घेतं, हा वेगळा प्रश्न.

माझी पद्धत साधी ठेवली. सपाट महामार्गाचा एकच पट्टा निवडला. क्रूझ कंट्रोलवर ठरावीक वेगाने एका दिशेला जायचं, लगेच तसंच परत यायचं आणि दोन्हींची सरासरी काढायची, म्हणजे वारा आणि बारीक चढउतार बऱ्याच अंशी एकमेकांना छेद देतात. सुरुवातीला वीसेक मिनिटं गाडी नुसती चालवून टायर आणि बॅटरी गरम करून घ्यायची, मगच ट्रिप मीटर शून्यावर आणायचा. टायरमधली हवा थंड असताना तपासायची. आणि वेग जीपीएसवर बघायचा. गाडीचा काटा नियमानेच खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू शकत नाही, त्यामुळे सगळे उत्पादक थोडा जास्त दाखवतात. काट्यावर 120 दिसले तेव्हा माझी गाडी खरं तर 116 च्या आसपास होती. रेंजच्या हिशोबात एवढ्यानेही फरक पडतो.

वीस-पंचवीस अंशांच्या कोरड्या हवेत शंभर किलोमीटरला लागलेली वीज अशी निघाली: ताशी 80 ला साडेसोळा युनिट, 100 ला वीसच्या किंचित खाली, 120 ला 24 आणि 130 ला जवळपास 27. बॅटरी पूर्ण भरून पूर्ण रिकामी केली असं धरलं तर ताशी 80 ला 485 किलोमीटर, 100 ला 400, 120 ला 333 आणि 130 ला 300. म्हणजे छापील आकडा मिळतो, किंबहुना त्याहून जास्तही मिळतो, पण ट्रकच्या मागे मागे जायची तयारी हवी.

कारण हवेचं आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शंभरवरून 130 वर गेलात की वेग तीस टक्क्यांनी वाढतो आणि रोध एकोणसत्तर टक्क्यांनी. टायरांचा घर्षणरोध मात्र जवळपास तेवढाच राहतो, म्हणून एकूण खर्च एकोणसत्तर टक्क्यांनी न वाढता पस्तीसेक टक्क्यांनी वाढतो. समोरून वारा असेल तर हिशोब आणखी बिघडतो. ताशी 100 ने जाताना ताशी 20 चा वारा तोंडावर आला तर गाडीला 120 एवढा रोध सोसावा लागतो आणि वेग मात्र शंभरचाच राहतो. एका दुपारी जातानाच्या आणि येतानाच्या आकड्यांत पाच युनिटांचा फरक दिसला. यंत्रात काही बिघाड असेल म्हणून मी तपासत बसलो, तेवढ्यात शेतातली झाडं कुठल्या बाजूला वाकलीत ते दिसलं.

आता ताकदीबद्दल. ताशी 120 ने सरळ जाताना बॅटरीतून किती शक्ती खेचली जाते, माहिती आहे? 28-29 किलोवॉट. हाताशी साडेचारशे असताना त्यातला सोळावा हिस्सा. उरलेली ताकद नुसती बसून असते, आणि बसलेली मोटर फारसं काही खात नाही. पेट्रोलच्या गाडीचं तसं नसतं. आठ सिलिंडरचं इंजिन हळू चालवलं तरी त्याचे पिस्टन फिरवायला आणि आतलं घर्षण सोसायला इंधन जळतच राहतं. तीच सवय आपल्या डोक्यात बसलेली असते, म्हणून मोठी ताकद म्हटली की मोठा खर्च असं समीकरण आपोआप तयार होतं. विजेच्या गाडीत दुसऱ्या मोटरीचा थोडा भार पडतो, कारण कायमचुंबकाची मोटर वीज न देताही फिरवली तर ओढ देते. त्यावर उपाय म्हणून काही उत्पादक पुढच्या धुरीवर क्लच बसवून ती मोटर सुटी करतात, तर काही जण एका धुरीवर चुंबक नसलेली इंडक्शन मोटर वापरतात.

मग जोरात पळवल्याचा खर्च किती? माझ्या मते सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे, म्हणून याला सगळ्यात जास्त वेळ दिला.

कागदावरचा हिशोब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा. 2350 किलो वजन शून्यावरून ताशी 100 वर न्यायला सुमारे 9 लाख ज्यूल लागतात. म्हणजे पाव युनिट. मोटर, इन्व्हर्टर आणि बॅटरीतलं नुकसान धरून एक तृतीयांश युनिट म्हणू. पुढे ब्रेक न दाबता, पाय हलका करून मोटरींच्याच रोधाने गाडी थांबवली तर त्यातलं 0.15 युनिटाच्या आसपास परत बॅटरीत येतं. म्हणजे पाठीला सीट चिकटवणारा एक झपाटा मारून पुन्हा थांबण्याचा निव्वळ खर्च पाव युनिटाच्याही आत. ताशी 120 ने एक किलोमीटर जायला जवळपास पाव युनिट लागतं. दोन्ही बरोबरीतच.

यावर माझाच विश्वास बसेना. एका मोकळ्या, बंद धावपट्टीवर पुन्हा पुन्हा झपाटे मारून बघितले आणि ओबीडी, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचायच्या जोडणीतून बॅटरीची आकडेवारी नोंदवत गेलो. आकडे कागदाशी जुळले. शेजारी बसलेला मित्र बॅटरीच्या चाचण्या घेण्याच्याच कामात आहे. तो हसून म्हणाला, "अरे, गाडीने घेतलेली ऊर्जा कुठे जाते? वेगातच साठते ना. तू ती ब्रेकने जाळत नाहीस तोवर ती तुझीच." रेंज खाणारी गोष्ट झपाटा नव्हे, त्या झपाट्याने गाठलेला वेग पुढे टिकवून ठेवणं आहे. शहरात सिग्नलवर थोडी मस्ती केली म्हणून रेंज कोसळत नाही. तीच मस्ती महामार्गावर 140 ला तासभर टिकली की कोसळते.

जाता जाता सांगतो. ताशी 100 किलोमीटरचा टप्पा ओलांडणारी जगातली पहिली मोटारगाडी विजेचीच होती. बेल्जियमच्या कामीय जेनात्झीने 29 एप्रिल 1899 रोजी पॅरिसजवळ टॉर्पेडोच्या आकाराच्या आपल्या गाडीतून 105.88 चा वेग गाठला. त्या गाडीलाही दोनच मोटरी होत्या. एका किलोमीटरच्या धावेत रेंजचा प्रश्न कोणाला पडणार!

आता पहिल्या आकड्याकडे वळू, कारण अटी त्यालाही आहेत, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्याहून जास्त आहेत. 450 किलोवॉट ही काही सेकंदांची गोष्ट असते. युरोपात गाडीच्या नोंदणीसाठी सलग 30 मिनिटं टिकणारी शक्तीही मोजावी लागते, आणि ती जाहिरातीतल्या आकड्याच्या कितीतरी खाली असते. ह्युंदाईने आयोनिक 5 एन या गाडीत तर हे उघडच सांगितलंय: नेहमीची कमाल 448 किलोवॉट, आणि बटण दाबल्यावर 10 सेकंदांपुरती 478.

दुसरी अट चार्जची. टाकीत पाणी कमी झालं की नळाची धार बारीक होते, तसंच इथेही. बॅटरी उतरत जाते तसा तिचा दाब म्हणजे व्होल्टेज उतरतं, आतला रोध वाढतो, आणि गाडीचा संगणक ताकदीला वेसण घालतो. जीपीएसवर शून्य ते शंभरची वेळ घेत गेलो. बॅटरी गरम आणि नव्वद टक्के भरलेली असताना 3.6 सेकंद. अर्ध्यावर आल्यावर 3.8. वीस टक्क्यांवर साडेचारच्या पुढे. आणि रात्रभर थंडीत उभी राहिलेली, दहा टक्क्यांच्या आसपास आलेली गाडी सकाळी काढली तेव्हा सहा सेकंदांच्या वर. गाडी तीच, रस्ता तोच. कोणी आपल्या गाडीची वेळ सांगितली की मी आता बॅटरी किती भरलेली होती ते विचारतो. शिवाय अमेरिकेत पहिला फूटभर प्रवास वेळेत न धरण्याची पद्धत आहे. त्यामुळे दोन-तीन दशांश सेकंद आपोआप गळतात. टेस्लाच्या मॉडेल एस प्लेडचे ते गाजलेले 1.99 सेकंद याच पद्धतीचे आहेत, आणि तेही शून्य ते 60 मैलांचे.

तिसरी अट उष्णतेची. ती बघायला एकदा रेसिंगच्या ट्रॅकवर गेलो. महामार्गावर बॅटरीतून साधारण 43 ॲम्पिअर वाहतात, पूर्ण ताकदीला सातशेच्या आसपास. प्रवाह सोळापट, पण तारांत आणि सेलमध्ये तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे अडीचशेपटीहून जास्त. ट्रॅकवर शंभर किलोमीटरला नव्वद युनिटांच्या हिशोबाने वीज जात होती. नव्वद टक्क्यांवरून तीस टक्क्यांवर यायला पंचवीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत. गंमत अशी की वीज संपायच्या आधी ताकद संपली. सेलचं तापमान पन्नाशी ओलांडून गेलं, आणि गाडीने काही न बोलता हात आखडता घेतला. सरळ रस्त्यावर जिथे दोनशेच्या पुढे जायची, तिथे ती जांभया द्यायला लागली. हे सगळ्याच गाड्यांत कमीअधिक होतं. पोर्शेने टायकानला 800 व्होल्टची यंत्रणा दिली त्यामागचं एक कारण हेच. दाब दुप्पट केला की तेवढ्याच शक्तीला निम्मा प्रवाह पुरतो आणि तारांत तयार होणारी उष्णता पावपट होते.

घाटाचा अनुभव जास्त सुखाचा. 1000 मीटर उंची चढायची तर या वजनाला सुमारे साडेसहा युनिट लागतात. वेग काहीही ठेवा, हा खर्च चुकत नाही, नुकसान धरून तो सातच्या वर जातो. वर पोहोचेपर्यंत डिस्प्लेवरची उरलेली रेंज बघून नवखा माणूस घाबरतोच, कारण तो आकडा मागच्या काही किलोमीटरच्या खर्चावरून पुढचा अंदाज बांधतो. त्याला पुढचा उतार दिसत नाही. उतरताना चारेक युनिट परत आली. पण त्यासाठी बॅटरीत जागा हवी. डोंगरमाथ्यावर मुक्काम असेल आणि रात्री शंभर टक्के चार्ज करून सकाळी घाट उतरायला निघालात, तर रिजनरेशन, म्हणजे मोटरींच्या रोधातून वीज परत मिळवणं, जवळपास बंद असतं आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. सव्वादोन टनांची गाडी साध्या ब्रेकवर घाट उतरवणं मला तरी आवडत नाही. वर असेन तर मी ऐंशीवरच थांबवतो.

थंडीबद्दल थोडक्यात. अमेरिकेतल्या एएए संघटनेने 2019 मध्ये पाच गाड्या तपासल्या. उणे 7 अंशांना हीटर लावून रेंज सरासरी 41 टक्क्यांनी घटली, तर 35 अंशांना एसी लावून 17 टक्क्यांनी. माझ्या गाडीत उष्मापंप आहे, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून केबिन गरम करणारी यंत्रणा, त्यामुळे लांबच्या प्रवासात एवढी घट दिसली नाही. छोट्या फेऱ्यांत मात्र दिसली. थंड गाडी, थंड बॅटरी, दहा मिनिटांचा रस्ता, आणि केबिन गरम होतंय तोवर घर आलं. अशा फेऱ्यांचा शंभर किलोमीटरचा आकडा तीसच्या वर जातो. तो बघून कोणी गाडीला दोष देऊ नये.

टायरबद्दल मात्र कोणी पुरेसं बोलत नाही. शक्तिमान गाडीची रेंज कमी असते हे खरंच आहे, पण त्याचा बराच दोष मोटरीऐवजी त्या ताकदीसाठी बसवलेल्या रुंद, चिकट टायरांकडे आणि मोठ्या चाकांकडे जातो. उदाहरण घरचं नको, सरकारी आकड्याचं देतो. मॉडेल एस प्लेडच्या 2022 च्या गाडीला ईपीएने 19 इंची चाकांवर 396 मैल दिले आणि 21 इंचीवर 348. बॅटरी तीच, मोटरी त्याच, आणि 48 मैल म्हणजे 77 किलोमीटर नुसत्या चाकांत गेले. युरोपात टायरवर इंधनबचतीचा दर्जा छापतात. 'ए' दर्जाचा रोध टनाला जास्तीत जास्त साडेसहा किलो, 'सी' दर्जाचा नऊपर्यंत. माझ्या वजनाला हा फरक शंभर किलोमीटरला पावणेदोन युनिटांचा पडतो. ताशी 100 ला जवळपास नऊ टक्के. झपाटे मारणं सोडून देऊन एवढी बचत कधीच होणार नाही.

आणखी एक हिशोब बहुतेक जण विसरतात. गाडी जो खर्च दाखवते तो बॅटरीतून निघालेल्या विजेचा. भिंतीतून किती गेली ते मीटर सांगतो. घरच्या साध्या चार्जिंगमध्ये माझ्याकडे दहा टक्क्यांच्या आसपास वीज वाटेत जाते. शिवाय लांबच्या प्रवासात कोणी शंभर ते शून्य असं चालवत नाही. ऐंशीच्या पुढे चार्जिंग मंदावतं आणि दहाच्या खाली जीव वरखाली होतो. म्हणजे हाती राहतात सत्तर टक्के, 56 युनिट. ताशी 120 ला तेवढ्यात 233 किलोमीटर. दोन थांब्यांमधलं अंतर मी तेवढंच धरतो. छापील 450 च्या निम्मं.

मग हळू चालवावं का? जलद चार्जरवर माझी गाडी दहा ते साठ टक्के भरताना सरासरी 170 किलोवॉट घेते. ताशी 130 ने शंभर किलोमीटर जायला 46 मिनिटं आणि तेवढी वीज भरायला साडेनऊ, एकूण साडेपंचावन्न. ताशी 110 ला साडेचोपन्न अधिक साडेसात, एकूण 62. जोरात जाणाराच लवकर पोहोचतो. आता तोच प्रवास 50 किलोवॉटच्या चार्जरवर करून बघा. 130 ला 46 अधिक 32, म्हणजे 78 मिनिटं. 110 ला साडेचोपन्न अधिक 26, म्हणजे 80. सगळी धडपड दोन मिनिटांसाठी. त्यामुळे निघण्याआधी मी वाटेतला चार्जर किती किलोवॉटचा आहे ते बघतो आणि वेग त्यावर ठरवतो. 170 खेचू देणारा असेल तर रस्ता परवानगी देईल तेवढा वेग ठेवतो. 50 चा असेल तर 110 वर गाडी लावतो आणि शांतपणे गाणी ऐकतो.

मागचे टायर आता झिजत आलेत. 20 इंची चाकं आणि 'ए' दर्जाचे टायर मागवलेत. ते आले की त्याच पट्ट्यावर, त्याच हवेत पुन्हा मोजेन. शून्य ते शंभरमध्ये पकड कमी पडून दोन-तीन दशांश जातील असा माझा अंदाज आहे. मित्र म्हणतो, अर्धा सेकंद जाईल.